शरीराची ओसरी

बारावीचा निकाल लागला की मराठी घरांतून एक हिशेब दरवर्षी मांडला जातो: एमबीबीएसला नंबर लागला तर उत्तम, नाहीतर बीडीएस तरी मिळेलच. या ‘तरी’मध्ये दंतवैद्यकाविषयीची आपली सगळी समजूत आली. हृदय, मेंदू, हाडे हे खरे शरीर. दात म्हणजे त्याच्या दारावरची नक्षी. दाताचा डॉक्टर हा डॉक्टरांच्या पंक्तीत शेवटच्या पाटावरचा. इतिहासाचे कागद चाळले तर मात्र ही पंगत उलटी लावावी लागते. बॉस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथर देऊन रुग्णाला जाहीरपणे गुंगवणारा विल्यम मॉर्टन दंतवैद्य होता, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण भूल ही एकच देणगी नव्हे. गेल्या शतकात माणसाच्या शरीरात जी परकी द्रव्ये कायमची राहायला गेली, त्यांतली काही महत्त्वाची द्रव्ये आधी तोंडात राहून आली होती, आणि ती हाताळायची विद्या दंतवैद्याच्या टेबलावर तयार झाली होती. जुन्या वाड्यात अनोळखी माणसाला थेट माजघरात नेत नसत. तो ओसरीवर बसे, पाणी पिई, घरचे त्याला पारखून घेत, मग पुढचे ठरे. वैद्यकाच्या इतिहासात तोंड ही शरीराची ओसरी ठरली. हे म्हणणे थोडे धाडसी आहे, म्हणून ते एकाच वस्तूच्या आधाराने तपासून पाहू. ती वस्तू म्हणजे कवळी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगली कवळी म्हणजे श्रीमंताचे काम होते. सोन्याचा पत्रा किंवा पाणघोड्याचा सुळा कोरून ती करत. सोने परवडत नसे आणि सुळा तोंडात कुजून घाण येई. मग चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून ते तापवण्याची कृती शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे त्याचा भाऊ नेल्सन याने गंधकाचे प्रमाण वाढवून कठीण रबर तयार केले. हे व्हल्कनाइट साच्यात दाबता येई, टाळूच्या प्रत्येक वळणावर बसे आणि स्वस्त होते. दिसायला ते तपकिरी-तांबडे, हिरडीशी मेळ न खाणारे. पण जेवता येत होते! कवळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती या रबरामुळे. तेवढ्यात पेटंटधारकांना या धंद्यातली रक्कम दिसली. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे आणि प्रत्येक कवळीमागे हक्कशुल्क मागायला सुरुवात केली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन अमेरिकाभर फिरून चुकार दंतवैद्यांवर दावे लावत असे. एप्रिल १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घालून मारले. कंपनीच्या पेटंटची मुदत १८८१ मध्ये संपली आणि प्रकरण मिटले. एका रबरापायी खून पडावा, यावरून त्या द्रव्याची गरज किती तीव्र होती ते कळते. दंतवैद्यांना ते रबर आवडत होते असे मात्र नाही. १८७० नंतर त्यांनी सेल्युलॉइड वापरून पाहिले, त्याला कापराचा वास येई आणि ते वाकडे होई. बेकेलाइटही पाहिले. कारखान्यातून जे जे नवे बाहेर पडले ते ते या लोकांनी साच्यात भरून पाहिले. ही हावरी शोधाशोध लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्या काळी अस्थिशल्यविशारदाची द्रव्यांची यादी यापेक्षा बरीच आखूड होती.

१९३० च्या दशकात ॲक्रिलिक आले. जर्मनीत डार्मश्टाटच्या ओटो रोमने ते ‘प्लेक्सिग्लास’ म्हणून बाजारात आणले, इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीने ‘पर्स्पेक्स’ म्हणून. काचेसारखे पारदर्शक, काचेहून हलके आणि सहज न फुटणारे. कारखानदारांच्या डोळ्यांपुढे मोटारी आणि विमाने होती, दंतवैद्यांच्या डोळ्यांपुढे टाळू. १९३७ पर्यंत अमेरिकेत वॉल्टर राइटने ॲक्रिलिकच्या कवळ्या रुग्णांच्या तोंडात बसवून त्यांचे निष्कर्ष छापलेही होते. रंग हिरडीसारखा गुलाबी देता येत होता, वास नव्हता, मोडली तर जोडता येत होती. दहा वर्षांच्या आत व्हल्कनाइट जवळजवळ हद्दपार झाले. पण माझ्या मते खरी क्रांती रंगाची नव्हती, कृतीची होती. ॲक्रिलिकचे पत्रे किंवा कांड्या तापवून साच्यात दाबणे अवघड होते, आणि ॲक्रिलिक ज्यापासून बनते तो द्रव, म्हणजे मोनोमर, नुसता साच्यात ओतून घट्ट करावा तर तो सुमारे २१ टक्के आकसतो. एवढी आकसलेली कवळी कोणाच्याच टाळूला बसणार नाही. जर्मनीतील कुल्झर कंपनीने १९३६ च्या सुमारास यावर जी तोड काढली ती कोणत्याही गृहिणीला लगेच कळेल. आधीच घट्ट झालेल्या ॲक्रिलिकची बारीक भुकटी घ्यायची, तीत द्रव मोनोमर घालायचा आणि कणीक भिजवल्यासारखा गोळा करायचा. बहुतेक वस्तुमान आधीच घट्ट झालेले असल्याने आकसणे सहा-सात टक्क्यांवर येते.

हा गोळा लॅबमध्ये कसा वागतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. भुकटीत द्रव पडल्यावर पहिला मिनिटभर ओल्या वाळूसारखा रवाळ लगदा होतो. मग भुकटीचे मणी विरघळू लागतात आणि चमच्याला पाकासारखी तार सुटते. या वेळी हात लावला तर बोटांना चिकटतो. आणखी थोड्या वेळाने तार तुटते, भांड्याची कड सुटते आणि कणकेचा गोळा हातात येतो. काम करायची वेळ ती हीच. पितळी फ्लास्कमध्ये प्लास्टरचा साचा तयार असतो, त्यातले मेण उकळत्या पाण्याने वितळवून काढलेले असते आणि दात प्लास्टरमध्ये उलटे रुतून बसलेले असतात. मेणाच्या रिकाम्या जागेत गोळा दाबायचा, प्रेसखाली फ्लास्क कसायचा, कडेने बाहेर आलेले कापायचे, पुन्हा कसायचा. उशीर केला तर गोळा रबरासारखा होतो आणि दाबला तरी मागे येतो. मग फ्लास्क पाण्यात शिजवायचा, पण घाई न करता: आधी ७४ अंश सेल्सियसच्या आसपास बराच वेळ, उकळी शेवटी. कारण मोनोमर शंभर अंशांच्या किंचित वर उकळतो, आणि गोळा घट्ट होताना स्वतःचीही उष्णता सोडतो. पाणी एकदम खळखळले तर जाड भागाच्या पोटात मोनोमर उकळून बुडबुडे राहतात आणि कवळी आतून स्पंजासारखी भुसभुशीत होते. हे सगळे पुस्तकात आहेच, पण लॅबमधला टेक्निशियन ते बोटांनी ओळखतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत आणखी एक पायरी चढली गेली. द्रवात ॲमीन वर्गातले एक रसायन थेंबभर घातले की शिजवण्याची गरज उरत नाही. गोळा टेबलावर, खोलीच्या तापमानाला, काही मिनिटांत आपोआप कडक होतो. मोडलेली कवळी दुरुस्त करायला ही युक्ती फार सोयीची होती. तिचा याहून मोठा उपयोग कोणाच्या ध्यानी नव्हता.

आता हे सगळे तोंडातच का घडले, पोटात किंवा गुडघ्यात का नाही, याची कारणे पाहिली पाहिजेत, नाहीतर ओसरीचे रूपक नुसते शोभेचे राहील. तोंड ही द्रव्याची परीक्षा घेणारी मोठी कडक जागा आहे. तिथे कायम ओल असते, एका मिनिटाला गरम चहा आणि दुसऱ्या मिनिटाला थंड पाणी, लिंबाचे आम्ल, जंतूंची वस्ती, आणि दिवसातून हजारदा दाब. पण ती परीक्षा माफक दंडाची आहे. कवळी टोचली तर रुग्ण ती काढून हातात घेऊन दवाखान्यात येतो आणि बोट ठेवून सांगतो की इथे टोचते. खुब्यात काय टोचते ते असे सांगता येत नाही. दंतवैद्याचे अपयश दुरुस्त होणारे असते, म्हणून तो धीटपणे प्रयोग करू शकला. शिवाय प्रत्येक टाळू वेगळा, त्यामुळे जे द्रव्य हाताने घडवता येत नाही ते त्याच्या कामाचेच नसे. कारखाना एकसारखी वस्तू बनवतो आणि शरीर एकसारखे नसते. या दोन टोकांना जोडणारी कारागिरी रोजच्या गरजेतून शिकलेला एकच वैद्यकीय धंदा होता. कवळी करणारा माणूस अर्धा वैद्य आणि अर्धा सोनार होता, आणि हेच त्याचे बलस्थान ठरले.

ओसरीवरून माजघरात गेलेले पहिले मोठे द्रव्य ॲक्रिलिक नव्हते, धातू होता. बॉस्टनचे अस्थिशल्यविशारद मॅरियस स्मिथ-पीटरसन १९२३ पासून झिजलेल्या खुब्यात एक वाटी बसवण्याचा प्रयत्न करत होते. मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि कमरेची उखळी यांच्यामध्ये गुळगुळीत वाटी ठेवली तर तिच्याभोवती नवी कूर्चा येईल अशी त्यांची कल्पना होती. पहिल्या वाट्या काचेच्या होत्या, त्या फुटल्या. सेल्युलॉइडच्या जातीचे द्रव्य वापरले, त्याने शरीर चवताळले. पायरेक्स झाले. पंधरा वर्षे गेली. मग त्यांच्या स्वतःच्या दंतवैद्याने, डॉ. जॉन कुक यांनी, व्हिटॅलियम सुचवले. कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा हा मिश्रधातू १९३० च्या दशकाच्या आरंभापासून कवळ्यांच्या सांगाड्यासाठी वापरात होता, तोंडात गंजत नव्हता आणि बारीक ओतकामाला उत्तम होता. १९३८ मध्ये व्हिटॅलियमची वाटी खुब्यात गेली आणि टिकली. याच कुळातले कोबाल्ट-क्रोम मिश्रधातू आज बदललेल्या गुडघ्यांत आणि खुब्यांत आहेत. शल्यविशारद दाढ दाखवायला दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो आणि पंधरा वर्षांच्या कोड्याचे उत्तर घेऊन उठतो, हे कथेत वाचले असते तर आपण लेखकाला जुळवाजुळवीबद्दल नावे ठेवली असती.

ॲक्रिलिकची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मुद्द्याला तीच जास्त बळ देते, कारण तीत आधी अपयश आहे. १९४६ मध्ये पॅरिसचे झ्यूदे बंधू, रॉबेर आणि झाँ, यांनी मांडीच्या हाडाचा झिजलेला माथा कापून त्या जागी ॲक्रिलिकचा गोल माथा बसवला. रुग्ण काही दिवसांत चालू लागत आणि शस्त्रक्रिया युरोपभर पसरली. थोड्याच वर्षांत माथे झिजू, मोडू आणि सैल होऊ लागले. मँचेस्टरच्या जॉन चार्न्लींकडे असा एक रुग्ण आला. तो जेवणाच्या टेबलाशी पुढे वाकला की त्याचा खुबा इतका करकरत असे की बायकोला त्या खोलीत बसवत नसे. या करकरीवरून चार्न्लींनी ताडले की गोल माथा आणि उखळी यांच्यातले घर्षण फार आहे आणि तेच प्रत्येक पावलाला माथ्याचा दांडा हाडात पिळून सैल करते आहे. म्हणजे दोन वेगळे प्रश्न होते: घासणारी जोडी कशाची करायची, आणि दांडा हाडात पक्का कसा बसवायचा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मँचेस्टर विद्यापीठाच्या टर्नर डेंटल स्कूलमध्ये मिळाले. तिथे दंतद्रव्यांचे अभ्यासक डेनिस स्मिथ होते. त्यांनी सुचवले: कवळी दुरुस्तीचे, आपोआप कडक होणारे ॲक्रिलिक वापरून पाहा. १९५८ पासून चार्न्ली मांडीच्या हाडाच्या पोकळीत तो गोळा बोटाने दाबून भरू लागले आणि तो मऊ असतानाच त्यात धातूचा दांडा रोवू लागले. १९६० मध्ये त्यांनी हे छापले.

झ्यूदे बंधूंचे आणि चार्न्लींचे प्लॅस्टिक मुळात एकच, हे इथे नीट पाहिले पाहिजे. झ्यूदे बंधूंनी ॲक्रिलिक वस्तू म्हणून वापरले, चार्न्लींनी ते गोळा म्हणून वापरले. पहिल्या वापरात त्याला घासावे लागत होते, दुसऱ्यात फक्त जागा भरायची होती. चार्न्ली आग्रहाने सांगत की हा डिंक नव्हे. तो हाडाला चिकटत नाही, तर हाडाच्या जाळीदार पोकळ्यांत शिरून भार सगळीकडे सारखा वाटतो. दगडी भिंतीच्या दरजा गवंडी चुन्याने भरतो ना, तसे. न्यूयॉर्कच्या एडवर्ड हाबूशने १९५३ मध्येच दंतवैद्यांचे ॲक्रिलिक खुब्यात वापरले होते, पण ते टिकले नाही. त्यामुळे कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली हा वाद मला निरर्थक वाटतो. फरक पडला तो गोळा कुठे आणि कसा भरायचा या समजेने. दांडा सुमारे दहा मिनिटांच्या खिडकीत, गोळा रबरासारखा होण्याआधी बसला पाहिजे, हे कवळीच्या लॅबमध्ये घोटून घेतलेले ज्ञान होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तोंड हे शरीराच्या आत नव्हेच. कवळी श्लेष्मल त्वचेवर बसते, तिचा रक्ताशी संबंध येत नाही. तेव्हा तोंडात निर्धोक ठरलेले द्रव्य हाडातही निर्धोक ठरेल ही समजूतच चुकीची. आक्षेप मान्य आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. हाडाच्या पोकळीत दाबाखाली सिमेंट, म्हणजे हेच ॲक्रिलिक, भरताना काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी घसरतो, क्वचित मृत्यूही होतो. असे काही कवळी बसवताना कधीच दिसले नव्हते. चार्न्लींच्या पहिल्या प्रश्नाची कथा तर अधिकच बोलकी आहे. घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी उखळीला टेफ्लॉन लावले. जगातले सगळ्यात निसरडे घनद्रव्य, रसायनांना दाद न देणारे. सुमारे तीनशे रुग्णांत ते बसवल्यावर वर्षा-दोन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांभोवती पनीरसारखा गोळा जमू लागला आणि एकेक खुबा पुन्हा उघडावा लागला. चार्न्लींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन खात्री केली. पुढे त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी एका विक्रेत्याने आणलेला पॉलिथिलिनचा तुकडा घर्षणयंत्रावर लावला. चार्न्लींनी तो बघताक्षणी नापसंत केला होता. क्रेव्हननी तरी यंत्र चालू ठेवले. टेफ्लॉनच्या तुलनेत पॉलिथिलिन जवळजवळ झिजतच नव्हते. नोव्हेंबर १९६२ पासून तेच उखळीत गेले. टेफ्लॉन ओसरीवर कधी बसलेलेच नव्हते, ते कारखान्यातून थेट माजघरात शिरले होते. एवढ्यावरून ‘म्हणूनच ते फसले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो काढू नये. पॉलिथिलिनही थेटच आले आणि टिकले. ओसरीची पारख पुरेशी असते असे माझे म्हणणे नाही. ती फक्त हात तयार करते, द्रव्याची खोड ओळखायला शिकवते. निवाडा प्रत्येक अवयवाने नव्याने द्यावा लागतो.

हा निवाडा टाळला की काय होते याचे उदाहरण याच सिमेंटने पुढे दिले. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये ते सुईने मणक्यात भरायला सुरुवात झाली. ठिसूळ झालेला मणका दबला की असह्य दुखते, सिमेंट भरले की दुखणे थांबते, असा अनुभव डॉक्टर सांगत आणि रुग्णही सांगत. प्रक्रिया जगभर रूढ झाली. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन चाचण्या छापून आल्या, एक ऑस्ट्रेलियातली, दुसरी मुख्यतः अमेरिकेतली. दोन्हींत निम्म्या रुग्णांना खरी प्रक्रिया दिली आणि निम्म्यांवर नुसते तिचे नाटक केले. अमेरिकेतल्या चाचणीत तर मोनोमरचा वासही खोलीत दरवळेल अशी व्यवस्था होती. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले. कोणत्या रुग्णांना ही प्रक्रिया द्यावी यावर नंतरही वाद चालू राहिला, पण पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा भरवसा डळमळला तो तेव्हाच.

दुसरा आक्षेप डोळ्याचा. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे पहिले भिंग हे ॲक्रिलिकचेच होते, आणि ती गोष्ट विमानाच्या काचेची आहे, कवळीची नाही. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांनी युद्धात जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे तुकडे पाहिले. ते तुकडे वर्षानुवर्षे शांत पडून होते, डोळा त्यांना विरोध करत नव्हता. पुष्कळ ठिकाणी ही कथा ‘स्पिटफायर’ विमानाच्या नावाने सांगतात. त्यातला प्रसिद्ध वैमानिक गॉर्डन क्लीव्हर प्रत्यक्षात हरिकेन उडवत होता, ऑगस्ट १९४० मध्ये. पण स्पिटफायर हे नाव जास्त रुबाबदार आहे, त्याला काय करणार. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पहिले भिंग बसवले. सहकाऱ्यांनी दोन-तीन दशके त्यांना वेड्यात काढले. आयसीआयने त्यांच्यासाठी शुद्ध केलेले खास पर्स्पेक्स पुरवले होते, म्हणजे द्रव्याच्या शुद्धतेचा विचार झाला होता. अवघड होती ती शस्त्रक्रिया आणि भिंगाचे वजन. हा रस्ता दंतवैद्यकातून गेला नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरी फरक असा की डोळ्याला आयते, कारखान्यात घडवलेले भिंग चालते, जागेवर घडवावे लागत नाही. जिथे प्रत्येक शरीराला वेगळा आकार हवा, तिथेच कवळीवाल्याची विद्या लागली. आणि भारतात या भिंगाचे जे झाले ते विसरू नये. १९८० च्या दशकापर्यंत आपल्याकडच्या शिबिरांत मोतीबिंदू काढून रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. आयात भिंग सुमारे १०० डॉलरचे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून तेच ॲक्रिलिक भिंग दहा डॉलरच्या आसपास आणले. विदर्भ-मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या आज ‘लेन्स टाकली का?’ असे सहज विचारतात, त्या प्रश्नामागे ही किंमत आहे.

तिसरा आक्षेप टायटॅनियमचा. स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती, रक्ताभिसरण पाहण्यासाठी. ती नंतर निघेचना, हाड तिला घट्ट बिलगले होते. म्हणजे शोध हाडात लागला, तोंडात नव्हे. खरे आहे. पण हा शोध माणसात कुठे उतरवायचा हे ठरवताना त्यांनी मांडी निवडली नाही, जबडा निवडला. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसले. दंतवैद्यांनीच त्यांना जास्त विरोध केला, आणि १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर तो मावळला. कवटीत रोवलेले श्रवणयंत्र १९७७ चे, तुटलेल्या पायाच्या हाडात थेट बसवलेला कृत्रिम पाय १९९० चा. दोन्ही जबड्यानंतरचे. शोध कुठेही लागो, जबड्यात फसलेला खुंट काढता येतो, हा हिशेब ब्रोनेमार्कनीही केलेला दिसतो.

या सगळ्याच्या प्रकाशात आजचे संशोधन वाचले की त्याची बलस्थाने आणि कमतरता दोन्ही दिसतात. कवळीच्या ॲक्रिलिकमध्ये चांदीचे किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्मकण घालून कॅंडिडा ही बुरशी रोखण्याचे प्रयोग दंतविज्ञानाच्या नियतकालिकांत सतत छापले जातात. साच्याऐवजी प्रकाशाने थर कडक करणाऱ्या यंत्रातून कवळी छापणे आता नवलाईचे राहिलेले नाही. यांतल्या बहुतेक अभ्यासांत पट्ट्या वाकवून पाहतात: ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड. ही मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिली आहेत आणि तुलनेसाठी ती हवीतच. पण पट्टीला जीभ नसते आणि तिला पान-सुपारी चघळायची नसते. पट्टीवर कण घातल्याने ताकद वाढली की घटली याची उत्तरे प्रयोगागणिक वेगळी येतात. छापील कवळीतही न जुळलेला मोनोमर किती उरतो आणि तो लाळेत किती पाझरतो, हा प्रश्न १९३७ सालचाच आहे. माझ्या मते इथे दंतवैद्यकाने आपला जुना गुण सोडून दिला आहे. त्याचे बळ होते रुग्णाच्या तक्रारीत. आज पट्टीवरचे निष्कर्ष ढीगभर आणि तोंडात दोन-तीन वर्षे वापरलेल्या कवळ्यांचे मोजके. ओसरी रिकामी ठेवून फाटकाबाहेरच पाहुण्याची परीक्षा घेण्यासारखे हे आहे. अस्थिशल्यात मात्र उलटी वाट धरून दोन चांगल्या गोष्टी झाल्या: हॅम्बर्गच्या हान्स बुखहोल्ट्झ यांनी १९७० च्या सुमारास सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले, आणि बदललेल्या सांध्यांचे कोणते नमुने किती वर्षे टिकले याच्या नोंदी स्वीडनने १९७० च्या दशकापासून राष्ट्रीय पातळीवर ठेवल्या. कवळीच्या बाबतीत अशी नोंदवही ठेवावी असे कोणाला वाटले नाही, कारण कवळी काढून ठेवता येते.

खुबा बदलताना शस्त्रक्रियागृहात नर्स आजही ४० ग्रॅम भुकटीचे पाकीट आणि २० मिलिलिटर द्रवाची काचेची कुपी उघडते, तेव्हा जो झणझणीत वास सुटतो तो कोणत्याही डेंटल लॅबमधला आहे. चार्न्लींना १९७७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. डेनिस स्मिथ यांनी १९६८ मध्ये दाताच्या पृष्ठभागाला चिकटणारे पॉलिकार्बोक्झिलेट सिमेंट तयार केले आणि पुढे ते टोरोंटोला शिकवायला गेले. बीडीएसच्या अभ्यासक्रमात ते सिमेंट आहे.